बार्शीत गिरणीची मोटार भरून घ्यायची असेल तर

बार्शीत मार्केट यार्डाच्या बाजूला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचं, एक जुनं दुकान आहे. बाहेर जळक्या तारांचा ढीग, पाटीवर 'मोटार, पंप भरून मिळतील' एवढंच. गिरणीवाल्यांनी आणि विहिरीवर पंप असणाऱ्यांनी तिथे बिनघोर जावं, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

माझ्या पिठाच्या गिरणीची मोटार साडेसात एचपीची, थ्री फेज, 1440 आरपीएमची. उन्हाळ्यात एक फेज गेला आणि मोटार जळली. ती मी आधी दुसरीकडून भरून आणली. तार तांब्याची, वार्निश चकचकीत, पण मोकळी फिरतानाही घरघरायची आणि जात्यात ज्वारी पडली की दबायची. बॉडीला हात लावायची सोय नव्हती, इतकी तापायची. वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर एका वायरीत 14 अँपिअर, दुसरीत साडेआठ. तिथं विचारलं तर म्हणाले, तुमच्याकडे व्होल्टेजच कमी आहे, नाहीतर बेअरिंग गेलं असेल. बेअरिंगही बदलून झालं. फरक शून्य.

यार्डाजवळच्या दुकानातल्या काकांनी मोटार खोलली आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढला. टर्मिनल बॉक्सच्या पट्ट्या सोडून एकाच फेजची दोन टोकं ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडली, मध्ये हेडलाइटचा बल्ब, म्हणजे करंट जास्त जाऊ नये. मग होकायंत्र हातात घेऊन स्टेटरच्या, म्हणजे तार भरलेल्या स्थिर भागाच्या, आतून गोल फिरवायला लागले. कॉइलच्या पहिल्या गटापाशी सुई एका बाजूला वळली, दुसऱ्यापाशी उलटली. तिसऱ्यापाशी ती परत उलटायला हवी होती, पण तशीच राहिली. "ताई, भरलंय चांगलं. फक्त ह्या गटात करंट उलटा जातोय," ते म्हणाले. आणि मला समोर बसवून सगळं दाखवलं. हे कोण करतं हल्ली?

या मोटारीत 36 खाचा, त्यात कॉइलचे 12 गट, म्हणजे एका फेजचे 4. मोटार चार पोलची, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांची, म्हणून त्या चार गटांतून उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे पोल तयार व्हायला लागतात. कॉइलकडे समोरून बघितलं आणि करंट घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असला, तर आपल्याकडचं तोंड दक्षिण. उलटा फिरत असला तर उत्तर. तार तीच, वेढे तेवढेच, फक्त करंटची दिशा बदलली की पोल बदलतो. म्हणून शेजारचे गट जोडताना पहिल्याच्या शेवटाला दुसऱ्याचा शेवट जोडायचा, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला तिसऱ्याची सुरुवात. माझ्या मोटारीत तिसऱ्या गटाची टोकं नेमकी उलटी जोडलेली होती. त्यामुळे तो गट बाकीच्यांना मदत करायच्या ऐवजी त्यांच्याच विरुद्ध ओढत होता, आणि घरघर, ताप, कमी-जास्त अँपिअर सगळं तिथूनच येत होतं.

मी विचारलं, लाइनचा करंट तर सारखा दिशा बदलतो, मग उलटसुलट जोडल्यानं काय बिघडतं? काका म्हणाले, सेकंदाला 100 वेळा बदलतो खरा, पण एका फेजचे चारही गट एकाच वेळी बदलतात. उलटा जोडलेला गट प्रत्येक वेळी उलटाच राहतो. तपासताना बॅटरी लागते ती म्हणूनच. लाइनच्या करंटवर होकायंत्राची सुई टिकणारच नाही. माझी मुलगी दहावीला आहे. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम (करंटवरून चुंबकाची दिशा सांगणारा) आणि नालकुंतल (तारेचं लांब वेटोळं) तिला पाठ आहेत, पण ते गिरणीच्या मोटारीत असतात हे तिला त्या होकायंत्रानं कळलं. शाळेच्या शिक्षकांनी पोरांना एकदा इथं आणावं, असं मला मनापासून वाटतं.

मोटार परत भरावी लागली नाही. दोन सांधे उघडले, टोकं बदलली, नवी स्लीव्ह, वर वार्निश. 450 रुपये घेतले. पूर्ण भरायचे पैसे सांगितले असते तरी मी दिले असते, इतकी मी वैतागले होते. आता ज्वारी टाकल्यावर तिन्ही वायरींत साडेनऊ ते दहा अँपिअर दाखवतं आणि आवाज नुसता पट्ट्याचा येतो. जोडल्यावर पहिल्यांदा मोटार उलटी फिरली, ते स्टार्टरमध्ये कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करून मिटलं. खांबावर काम झाल्यावर गिरणी उलटी फिरली तरी इलाज हाच. मेन स्विच बंद करून, आणि जाणत्या माणसाकडूनच.

उणं म्हणाल तर, वार्निश वाळवायला भट्टी नाही, बल्ब लावून वाळवतात, म्हणून पावसाळ्यात एखादा दिवस जास्त लागतो. मार्च ते मे पंपांची रांग असते, तेव्हा गिरणीवाल्यांनी आधी विचारून जावं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, ते मागाच. आणि पूर्ण मोटार भरून घेतली तर तारेचा गेज (जाडी) आणि वेढे बिलावर लिहून घ्या, काका न कुरकुरता लिहून देतात.