एफटी२२३२एच मॉड्यूल आणि फुकटचं यूआरजेटॅग : छोट्या युनिटवाल्यांनी घ्यावं का?

आमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी टेंपरेचर कंट्रोलर आणि लॉगर बनवतो, तासगाव-मिरज साइडला बरेच बसलेत. बोर्ड टेस्टिंग म्हणजे डोक्याला कायमचा ताप. खिळ्यांचं फिक्श्चर, म्हणजे बोर्डच्या टेस्ट पॉइंटना टेकणाऱ्या पिनांचा साचा, करून घ्यायचं तर छोट्या लॉटला तो खर्च परवडत नाही, वर लेआउट बदलला की फिक्श्चर बाद. बाउंड्री स्कॅनची, म्हणजे प्रोब न लावता चिपच्या आतूनच पिनांची जोडणी तपासायची, तयार सिस्टीम घ्यायची तर आकडा लाखात जातो. म्हणून मग एफटी२२३२एच चिपचं, कॉम्प्युटर आणि बोर्ड जोडणारं यूएसबी मॉड्यूल मागवलं, दोन हजाराच्या आसपास पडलं, आणि सोबत यूआरजेटॅग हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. माझं मत विचाराल तर घ्याच, पण तुमच्या बोर्डवर कुठल्या चिप आहेत ते आधी बघा.

बाउंड्री स्कॅन चालतं ते चिपच्या जेटॅग या पोर्टवरून. जेटॅग म्हटलं की बरेच जण नुसतं प्रोग्रॅमिंग समजतात. मुळात ते टेस्टिंगसाठीच आलंय, १९८५ ला जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप जमला आणि १९९० ला आयईईई ११४९.१ हे स्टँडर्ड झालं. चिपच्या आत पिनांच्या मागे एकेक छोटा सेल असतो, हे सगळे सेल साखळीसारखे एकमेकांना जोडलेले, टीसीके, टीएमएस, टीडीआय, टीडीओ या चार वायरवरून बिट आत ढकलायचे आणि बाहेर आलेले वाचायचे. कुठला सेल कुठल्या पिनचा हे बीएसडीएल फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ती बहुतेक चिप कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळते. आणि सगळ्यात भारी म्हणजे फर्मवेअर लागतच नाही, कोरी चिप सोल्डर केली, सप्लाय दिला की टेस्ट चालू.

आमच्या बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर आणि मॅक्स टू ही सीपीएलडी (आपल्याला हवं ते लॉजिक भरता येणारी चिप) आहे, दोन्ही शंभर पिनांच्या, दोन पिनांत अर्धा मिलिमीटर अंतर. डिटेक्ट कमांड दिली की चिप दोन असून तीन डिव्हाइस दिसतात, घाबरू नका, एसटीएमच्या आतच दोन टॅप (जेटॅगची दारं) आहेत, एक कोअरचा आणि एक बाउंड्री स्कॅनचा. मागच्या लॉटमधला एक बोर्ड सीपीएलडीशी बोलतच नव्हता. सोल्डरिंगच्या काकू भिंगातून बघून म्हणाल्या, "साहेब, पिन बसल्यागत दिसतीय की वरनं." मग एक्सटेस्ट, म्हणजे सेलमधून पिना हलवायचा आणि वाचायचा मोड, लावलं, एसटीएमची पीबी ६ पिन हाय केली, सीपीएलडीच्या पिनवर वाचलं तर झिरो, लो केली तरी झिरो, शेजारची पिन हलवली की ती मात्र बरोबर बदलत होती. म्हणजे शॉर्ट नाही, पिन पॅडवरून केसभर उचललेली. फ्लक्स लावून टोक टेकवलं आणि बोर्ड चालू. नाहीतर अशा बोर्डवर मल्टीमीटर घेऊन अख्खी दुपार जाते, कारण प्रोबने दाबलं की पिन टेकते आणि मीटर आपला बीप देतो! बीजीए, म्हणजे पोटाखाली सोल्डरचे बॉल असलेली चिप, असेल तर विषयच संपला, खालच्या बॉलला प्रोब लागणार कुठून, तिथे एक्स-रे नसेल तर हाच मार्ग.

आता कमी काय आहे तेही सांगतो. यूआरजेटॅग कमांड लाइनवर चालतं, महागड्या सिस्टीमसारखं नेटलिस्ट (बोर्डवरच्या जोडण्यांची यादी) देऊन टेस्ट आपोआप बनत नाही, कुठली पिन कुठे जाते ती स्क्रिप्ट आपणच लिहायची. आमची लिहायला वेळ गेला पण आता सप्लाय जोडून एंटर मारायचं काम आहे, लाइनवरची पोरंसुद्धा करतात. विंडोजवर झाडिग या सॉफ्टवेअरने मॉड्यूलचा ड्रायव्हर बदलून विनयूएसबी टाकावा लागतो, लिनक्सवर ती भानगड नाही. पीटी१०० या टेंपरेचर सेन्सरचा ॲम्प्लिफायर, कपॅसिटर, रेझिस्टरची व्हॅल्यू यातलं काही यात कळत नाही, त्याला फंक्शनल टेस्ट वेगळी करावीच लागते. आणि एक्सटेस्टमध्ये पिना खरोखर ड्राइव्ह होतात, त्यामुळे रिले आणि काँप्रेसरचा लोड काढूनच टेस्ट करा, हे मी पोरांना रोज बजावतो.

चिपचं बघायला सांगितलं ते यासाठी की एसटीएम३२एफ० ला जेटॅगऐवजी फक्त एसडब्ल्यूडी हा दोन वायरचा डीबग पोर्ट आहे, त्यात बाउंड्री स्कॅन होत नाही. एटीमेगा३२८ ला जेटॅगच नाही, एटीमेगा३२ ला आहे. पाच-पंचवीस रुपये वाचवायला चिप बदलताना हे बघत जा राव, पुढे टेस्टिंगमध्ये त्याच्या कितीतरी पट जातात.

मॉड्यूलच्या सिग्नल पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, १.८ चा बोर्ड असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर टाका. मॉड्यूलच्या एडी० पिनला टीसीके, एडी१ टीडीआय, एडी२ टीडीओ, एडी३ टीएमएस. वायर वीतभरच ठेवा, लांब झाली की चिपचा ओळख नंबर (आयडी कोड) भलताच वाचला जातो, तसं झालं तर आधी क्लॉक कमी करून बघा. बीएसडीएलमध्ये कम्प्लायन्स पॅटर्नची ओळ असेल तर तीही वाचा, काही चिपना एखादी पिन ठरावीक लेव्हलला धरून ठेवावी लागते, नाहीतर टेस्ट चालत नाही आणि माणूस विनाकारण मॉड्यूलला नावं ठेवतो.