माकडहाडाची उशी, ३ महिने बसून बघितली

दिवसाचे ८-९ तास खुर्चीत बसून माकडहाड एवढं ठणकायला लागलं होतं की मीटिंग संपली तरी पटकन उठता यायचं नाही, आधी दोन्ही हात टेबलावर टेकवायचे मग हळूच वर, शेजारचा गालात हसायचा. म्हणून ही मेमरी फोमची उशी मागवली, मागून यू आकारात कापलेली असते ना तीच. त्या खाचेमुळे माकडहाड अधांतरी राहतं आणि वजन मांड्यांवर जातं. आठवड्याभरात फरक पडला, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. उशीमुळे मी ४-५ सेंटिमीटर वर गेलो, खुर्ची आधीच सगळ्यात खाली केलेली, मग काय, टाचा अधांतरी, सीटची कड मांडीखाली रुतायची आणि संध्याकाळपर्यंत पायाला मुंग्या! शेवटी पायाखाली प्रिंटरच्या कागदाचं न फोडलेलं बंडल सरकवलं, गुडघे काटकोनात आले तेव्हा कुठे जमलं.

घोट्यांच्या सुजेवर मात्र हिचा काही उपयोग नाही हां, पोटरी हलली तरच रक्त वर ढकललं जातं, त्यामुळे अर्ध्या तासाने उठून चक्कर मारावीच लागते. आणि कळ कंबरेतून पायात उतरत असेल, पाय बधिर पडत असेल तर उशी-बिशी सोडा, सरळ डॉक्टर गाठा.

फोम अजून दबलेला नाही पण गरम होतो, आणि कव्हरची चेन दुसऱ्याच धुण्यात गेली. ५ पैकी साडेतीन, अर्धा चेनचा कापला.