सोळा फुटी बोटीला हायड्रोफॉइल फिन आणि ट्रिम टॅब: पावसाळ्यानंतरचा अनुभव

कृष्णेवरच्या मांजरीच्या पुलाजवळ आमच्या गटाची सोळा फुटी फायबरची बोट बांधलेली असते. तिच्या चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला गेल्या नोव्हेंबरमध्ये हायड्रोफॉइल फिन, म्हणजे बोटीची मागची बाजू उचलणारा प्लास्टिकचा पंख, बसवली आणि फेब्रुवारीत मागच्या फळीला ट्रिम टॅब, म्हणजे विजेवर खाली-वर होणारे स्टीलचे पत्रे, बसवले. उन्हाळ्यातील संथ पाणी आणि पावसाळ्यातील चढते पाणी अशा दोन्ही अवस्थांत ही दोन्ही साधने वापरून झाली असल्यामुळे आता काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि दूधगंगा एकदम फुगल्या, तेव्हा मळीतल्या आमच्या वस्तीवरील म्हातारी माणसे आम्ही गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढली होती. त्यानंतर वर्गणी काढून ही बोट घेतली. एरवी ती नदीकाठच्या उपसा मोटारींपर्यंत माणसे आणि सामान नेण्यासाठी वापरली जाते. चालवणारा, पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि इंजिन असे सगळे वजन मागेच असल्यामुळे वेग देताच नाक इतके वर उठायचे की समोरचे पाणी दिसेनासे व्हायचे. चार माणसे घेऊन ती पाण्यावर बसायला, म्हणजे पाणी ढकलत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरत जाऊ लागायला, घड्याळात अकरा सेकंद लागत. त्यानंतर वेग जरा वाढवला की नाक तालात वर-खाली आपटू लागे आणि मागे बसलेल्यांच्या कमरेची परीक्षा होई.

हायड्रोफॉइल या नावाने पुष्कळांचा गैरसमज होतो. खऱ्या हायड्रोफॉइल बोटीत पाण्याखालचे पंख संपूर्ण बूड पाण्याबाहेर उचलतात. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर तशी बोट चालवली होती, आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल व केसी बाल्डविन यांच्या एचडी-४ या बोटीने १९१९ मध्ये ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. आपल्या इंजिनाला लागते ती प्लास्टिकची फिन यातले काहीही करत नाही. इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी धातूची पट्टी असते, तिला दोन्ही बाजूंनी रुंद करून पाण्याच्या दाबाने बोटीची मागची बाजू थोडी उचलायची, एवढेच तिचे काम आहे. मागची बाजू उचलली की नाक आपोआप खाली येते.

ते काम तिने केले, यात शंका नाही. त्याच चार माणसांना घेऊन अकराऐवजी सात सेकंदांत बोट पाण्यावर बसू लागली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्वी ताशी सव्वीस किलोमीटरच्या खाली आली की ती पुन्हा बूड टेकायची, ती आता एकवीसपर्यंत तग धरते. मोटारींच्या पाइपांमधून आणि वायररोपांमधून वाट काढताना हा कमी वेग फार उपयोगी पडतो. मात्र फोनवरच्या मापानुसार सर्वाधिक वेग दोन किलोमीटरने घटला. त्याचे कारण शोधताना असे लक्षात आले की, इंजिन मुळातच खाली बसवलेले होते. पंख्यावरची पट्टी बुडाच्या पातळीला किंवा किंचित वर असावी लागते, म्हणजे पूर्ण वेगात ती पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकते. आमची पट्टी जवळजवळ चार सेंटिमीटर खाली होती, त्यामुळे फिन सतत पाण्यात ओढली जात होती. मागच्या फळीवर अडीच सेंटिमीटरची सागवानी पट्टी ठोकून इंजिन वर घेतल्यावर घटलेला वेग बहुतांश परत आला.

इथे एक कबुली द्यायला हवी. इंजिन ज्या पिनेवर टेकते, ती पिन आमच्याकडे तिसऱ्या भोकात होती, म्हणजे इंजिन फळीपासून बरेच बाहेर झुकलेले होते आणि त्यामुळेच नाक आपटत होते. ती पिन पहिल्या भोकात घालून टाकी पुढच्या फळीखाली सरकवली, तेव्हा आपटणे निम्म्याने कमी झाले आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. फिनसाठी सुमारे सात हजार रुपये देण्याआधी हे करून पाहायला हवे होते. ज्यांची बोट लहान आहे आणि माणसे दोनच असतात, त्यांचे कदाचित एवढ्यावरच भागेल.

फिन बसवण्यासाठी इंजिनाच्या पट्टीला चार भोके पाडावी लागली. ती पाडणाऱ्या कारागिराने एक भोक कडेच्या इतके जवळ घेतले की तिथे आता बारीक चीर दिसते. भोक न पाडता पकडीवर बसणारे प्रकारही मिळतात, आणि हमीच्या मुदतीतील इंजिनासाठी मी तेच सुचवेन. तीन महिन्यांत दोन नटही सैल झाले होते, त्यामुळे आता नायलॉन बसवलेले नट वापरतो आणि दर पंधरा दिवसांनी पाना लावून पाहतो.

ट्रिम टॅबचे प्रकरण मात्र वेगळे आहे. मागच्या फळीच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत बिजागरीवर बसवलेले हे स्टीलचे पत्रे असतात आणि बटण दाबून ते स्वतंत्रपणे खाली-वर करता येतात. बोटीच्या लांबीच्या प्रत्येक फुटाला दर बाजूस एक इंच रुंद टॅब असा ठोकताळा सांगितला जातो, पण तेवढे मोठे टॅब इंजिनाला अडत होते, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना बारा इंच रुंदीचे घेतले. बसवण्याच्या खर्चासह साठ हजारांच्या आत-बाहेर पैसे गेले. फिन फक्त नाक खाली आणते. टॅब नाकही खाली आणतात आणि बोट एका अंगाला झुकली असेल तर तीही सावरतात, आणि आमच्या कामात हेच खरे मोलाचे आहे. उजवीकडे पेंडीची पोती आणि डावीकडे एकच माणूस अशा अवस्थेत उजवा टॅब खाली केला की त्या कोपऱ्याखालचे पाणी त्याला वर दाबते आणि बोट सरळ होते. आडव्या वाऱ्यातही हाच उपाय चालतो.

पुष्कळ संचांत बटणे नाकाच्या हिशेबाने जोडलेली असतात, म्हणजे डावे बटण दाबले की नाकाची डावी बाजू खाली जावी, त्यामुळे डावे बटण उजवा टॅब चालवते. आमच्या वायरमनला ती चूक वाटली आणि त्याने ती "दुरुस्त" करून दिली. पहिल्याच फेरीत झुकलेली बोट सावरायला गेलो, तर ती आणखी झुकली. सुदैवाने तेव्हा पाणी कमरेएवढेच होते.

जुलैत पाणी चढू लागले, तेव्हा टॅबची दुसरी बाजू कळली. पाठीमागून लाटा येत असताना टॅब खाली ठेवले तर नाक पाण्यात रुतते आणि बोट नाकावरच फिरू पाहते. कल्लोळ गावाकडून प्रवाहाबरोबर खाली येताना पुलाच्या खांबांजवळ एकदा असे झाले आणि मी चांगलाच घाबरलो. तेव्हापासून प्रवाहाबरोबर उतरताना टॅब पूर्ण वर घेणे हा आमचा नियमच आहे. बोट मागे घेतानाही ते वरच हवेत, अन्यथा पाणी त्यांना उलट्या बाजूने दाबून त्यांना हलवणारे दांडे वाकवते.

फिनची मोठी अडचण जलपर्णी ही आहे. तिच्या लांब मुळ्या फिनच्या कडांवर अडकून बसतात आणि पंखा गुंडाळला जातो. रिकाम्या पट्टीला हा त्रास फार कमी होता. त्यामुळे जलपर्णी दाटली की मी फिन काढून ठेवतो आणि तेवढे दिवस टॅबवर निभावतो. टॅब असताना फिनची उणीव मला फारशी जाणवली नाही. दोन्ही एकत्र असताना पाण्यावर बसण्याचा वेळ सातवरून सहा सेकंदांवर आला, इतकाच फरक.

सध्या उजव्या टॅबची बिजागरी वाळूमुळे खरखर करते आहे आणि गंज टाळण्यासाठी तिथे लावलेल्या जस्ताच्या तुकड्यावर पांढरा थर दिसतो आहे. पाणी आणखी उतरले की बोट काठावर ओढून तेवढे काम करायचे आहे, आणि चीर पडलेल्या पट्टीचे काय करायचे तेही तेव्हाच पाहू.