गोधडीसाठी वाकड्या सेफ्टी पिना: घ्याव्यात का?

मशीनवर गोधडी शिवताना अस्तराला चुण्या पडतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो, कच्च्या जोडणीचा, म्हणजे शिवण्याआधी थर तात्पुरते एकत्र धरण्याचा असतो. त्या कामाला ३८ मिमीच्या वाकड्या पिना साध्या पिनांपेक्षा सरस. मधला बाक फरशीला टेकून टोक आपोआप वर येतं, कापड उचलावं लागत नाही. उचललं की थर सरकलेच!

फक्त ५० च्या पाकिटावर भागेल असं समजू नका. ६० बाय ९० इंचाच्या गोधडीला चार-चार इंचांवर पिना लावायच्या तर सव्वातीनशेच्या पुढं लागतात.

पिना लावण्याआधी अस्तर फरशीवर पसरून चिकटपट्टीनं चिकटवायचं. आपल्याकडची शहाबादी फरशी या कामाला उत्तम, पण आधी ओल्या फडक्यानं पुसा; धुळीवर चिकटपट्टी धरत नाही. अस्तर चारी बाजूंनी चार इंच जास्त ठेवा. ताठ लावा, ताणू नका. ताणलेलं कापड पट्टी काढताच आखडतं आणि वरच्या थराला सुरकुत्या येतात. जुन्या लुगड्याचं अस्तर असेल तर आधी खळ देऊन इस्त्री करा, नाहीतर ते तिरक्यात ओढलं जातं.

पिना लावून झाल्या की गोधडी उलटवून तळहात फिरवा. चुणी लागली तर तिथपासून कडेपर्यंतच्या सगळ्या पिना काढून कापड बाहेरच्या बाजूला सारा. एकच पीन हलवली तर चुणी शेजारी जाऊन बसते.

पावसाळ्यात पिना महिनाभर तशाच राहिल्या तर गंजाचा डाग पडू शकतो, आणि तो निघता निघत नाही. पातळ मलमलीला या पिना जाडच. तिथं धावदोराच बरा.