लाइन झकास, ॲपचा गठ्ठा बकवास

आमच्या नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात टीव्ही केबलची वसुली करणारा भाऊच आता फायबर इंटरनेटची वसुली करतो. पावतीपुस्तक जाऊन यूपीआय आलं, बाकी माणूस तोच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे पॅक आता गल्लोगल्ली मिळतात, त्यामुळे नावापेक्षा घेताना काय विचारायचं ते जास्त कामाचं.

पॅक असा: 100 एमबीपीएस नेट, अमर्याद वापर आणि '20+ ओटीटी ॲप फ्री', म्हणजे नेटवरून सिनेमे, मालिका, सामने दाखवणारी ॲप. पत्रकावर 799, बिल 943 चं. 18 टक्के जीएसटी पत्रकात धरलेलाच नसतो. तसं हे आम्हाला नवीन नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाने चॅनेल निवडून घ्यायची वेळ आली, तेव्हाही मूळ आकाराच्या 130 चे जीएसटी धरून 153 झालेच होते, वर आवडीच्या चॅनेलचे पैसे वेगळे. त्याच्याही आधी, 2013 च्या मार्चअखेर, नागपूरसकट 38 शहरांत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला होता. म्हणजे हा भाऊ आधी बॉक्स घेऊन आला, मग चॅनेलची यादी, आणि आता राउटर.

लाइन मात्र खरंच चांगली आहे. गच्चीवर डिशची छत्री होती तेव्हा जुलैत आभाळ गच्च भरून आलं की पडद्यावर 'सिग्नल नाही'. छत्रीच्या लहरी जोराच्या पावसात अडतात, फायबरला पावसाचं सोयरसुतक नाही. टीव्हीवर एचडी चित्राला पाचेक एमबीपीएस पुरतात, त्यामुळे 100 मध्ये आम्ही सगळे एका वेळी काहीबाही बघत बसलो तरी अडत नाही. फक्त राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या, नाहीतर लाइट गेली की नेटही गेलं.

पण वायर तुटली तर विचारू नका. सिमेंटच्या रस्त्यासाठी खोदकाम झालं, त्यात आमची लाइन कापली गेली. जुनी केबल तुटली की भाऊ खांबावर चढून, दाताने सोलून, पीळ देऊन दहा मिनिटांत चालू करायचा. फायबरची काच जोडायला मशीन लागतं, आणि ते मशीन नेहमी दुसऱ्याच भागात गेलेलं असतं. बंद दिवसांचे पैसे कापून देणार का, या प्रश्नावर तो नुसता हसला.

आता कूलरची गोष्ट, कारण ही बाहेरचा कोणी सांगणार नाही. एप्रिलमध्ये कूलर लागला आणि टीव्ही अडखळायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "हे मधातच काहून थांबून राहिलं?" मी तक्रारीवर तक्रार केली. शेवटी आलेला मुलगा फार हुशार निघाला. हॉलमध्ये उभा राहून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, लाइन ओके आहे. तुमचा कूलर मधात येऊन राहिला." खरंच, राउटर खिडकीच्या कोपऱ्यात, टीव्ही समोर, आणि दोघांमध्ये पत्र्याचा पाणी भरलेला अख्खा कूलर! पत्रा वायफाय परतवतो, पाणी शोषून घेतं. त्याने राउटरपासून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेने साधी लॅन केबल टाकून दिली. मे महिन्याच्या 45 डिग्रीतही मग चित्र हललं नाही. नागपुरात फायबर घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही केबल मागून घ्यावी, पोराला चहाही पाजावा.

आणि तो फुकटचा गठ्ठा. पत्रकात जिओसिनेमा वेगळं, हॉटस्टार वेगळं मोजलेलं. 14 फेब्रुवारी 2025 लाच दोन्ही एक झाली आहेत. ते एक उरलेलं ॲप टीव्हीवर उघडलं तर 'तुमचा प्लॅन फक्त मोबाइलसाठी' असा निरोप आला. म्हणजे 43 इंची टीव्ही भिंतीवर आणि सामना हातातल्या फोनवर! बाकीच्या ॲपांची नावं मी तोवर ऐकलीही नव्हती. बरीचशी डब केलेल्या मारामारीची, दोन भक्तिगीतांची, एक भोजपुरी. मराठीच्या नावाने जे होतं त्यात आमच्या घरात कोणी बघेल असं काही नव्हतं. प्राइम व्हिडिओ मी वेगळे पैसे भरून घेतलंय, तर 17 जून 2025 पासून त्यातही जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर आणखी पैसे. जाहिराती टाळायला टीव्ही सोडला म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

सासूबाईंना चॅनेलचे नंबर पाठ होते. बटण दाबलं की बातम्या. आता आधी ॲप, मग 'कोण बघत आहे?', मग शोधा. बोलून शोधता येतं म्हणून त्यांनी रिमोटमध्ये "सह्याद्री" म्हटलं, तर गडकिल्ल्यांच्या ट्रेकचे व्हिडिओ आले. त्यांनी ते आवडीने बघितले, पण बातम्या राहिल्याच. शेवटी प्रसारभारतीचं 'वेव्हज' सापडलं. 2024 च्या नोव्हेंबरात आलंय, दूरदर्शनची चॅनेलं त्यावर थेट दिसतात आणि त्याला पैसे नाहीत. गठ्ठ्यातल्या वीस ॲपांपेक्षा आमच्या घरात तेच जास्त चालतं.

स्ट्रीमिंगने खरं काय दिलं ते क्रिकेटमध्ये कळलं. फेब्रुवारी-मार्च 2025 ला जामठ्याच्या स्टेडियमवर रणजीचा अंतिम सामना, विदर्भ विरुद्ध केरळ. पाच दिवसांचा स्थानिक सामना घरातल्या टीव्हीवर लावू कोण देणार? आमच्या ह्यांनी तो दुकानात गल्ल्यामागे फोनवर बघितला. दानिश मालेवारचे 153, मग पहिल्या डावातली 37 धावांची आघाडी, आणि तिसऱ्यांदा करंडक. सामना अनिर्णित, तरी आघाडीवर आपण जिंकलो, हे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगत होते. ॲपवरचा थेट सामना डिशच्या टीव्हीपेक्षा थोडा मागे चालतो एवढं मात्र धरून चाला. छत्रीवाल्या शेजाऱ्यांकडे आरडाओरडा झाला की विकेट गेली समजायचं.

घेणारच असाल तर भाऊला तीन गोष्टी विचारा. जीएसटीसकट किती? कोणती ॲप टीव्हीवर चालतात, नुसत्या फोनवर नाही? आणि ॲपशिवाय नुसतं नेट कितीला? हा तिसरा प्रश्न विचारल्यावर कळलं की तसा प्लॅन आहे, पत्रकाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, 599 चा. मुदत संपली की तोच घेणार आहे. लाइनला चार तारे, गठ्ठ्याला एक, कूलरवाल्या मुलाला पाच.