पोहताना पायात गोळा: पाय मारण्याची पद्धत, मीठ-साखरेचे पाणी की गोळ्या?

नागपुरात एप्रिल लागला की जलतरण तलावांवरच्या बॅचेस भरू लागतात, आणि वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाने उत्साहाच्या भरात लागोपाठ फेऱ्या मारल्या की त्याच्या पोटरीत किंवा तळपायात गोळा येतो. त्यावर कोणी लिंबूपाणी सुचवतो, कोणी केळे, कोणी मॅग्नेशियम. हे उपाय एका तोडीचे नाहीत. त्यांत निवड करायची तर आधी गोळा का येतो हे पाहावे लागते.

घामावाटे पाणी व सोडियम गेल्यामुळे स्नायू आखडतो, हे जुने स्पष्टीकरण आहे. १९९७ पासून पुढे आलेले दुसरे स्पष्टीकरण असे की, थकलेल्या स्नायूला आकुंचनाचे संदेश वाढतात आणि त्याला आवरणारे संदेश क्षीण होतात. स्नायू आधीच आखूड स्थितीत असेल तर हा तोल अधिक सहज बिघडतो. पोहताना चवडा मागे ताणलेला असतो, म्हणजे पोटरी नेमकी त्याच आखूड स्थितीत काम करते. शिवाय पाय ताणताच गोळा काही क्षणांत सुटतो, आणि तेवढ्या अवधीत रक्तातील क्षार बदलत नाहीत. त्यामुळे पोहणाऱ्याच्या बाबतीत मला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते.

म्हणूनच पाय मारण्याच्या पद्धतीला मी पहिले स्थान देतो. नवशिका चवडा जोर लावून ताठ ठेवतो आणि गुडघ्यापासून पाय झाडतो. त्याऐवजी हालचाल कमरेच्या सांध्यातून यावी आणि घोटा सैल राहावा. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून केवळ पाय मारण्याच्या फेऱ्या, भिंतीला जोराने रेटा देऊन घेतलेली वळणे आणि पायात घालायचे लांब रबरी फिन्स या तिन्ही गोष्टी पोटरीवर मोठा भार टाकतात, म्हणून त्या सरावात हळूहळू वाढवाव्यात. या उपायाला पैसे लागत नाहीत, पण काही आठवड्यांचा धीर आणि चूक दाखवणारा प्रशिक्षक लागतो. घरी टाचा उचलण्याचा व्यायाम केल्यास पोटरीची दमछाक उशिरा होते.

पोहण्यापूर्वी स्नायूंना ताण देणे उपयुक्त वाटते, परंतु त्यामुळे पाण्यातील गोळे टळतात याला भक्कम पुरावा नाही. झोपण्यापूर्वी पोटरी ताणल्याने ५५ वर्षांवरील व्यक्तींचे रात्रीचे गोळे कमी झाल्याचे २०१२ च्या एका चाचणीत दिसले होते, त्यामुळे ज्यांना अंथरुणातही गोळे येतात त्यांनी ही सवय अवश्य लावून घ्यावी. इतरांनी सावकाश दोन फेऱ्या मारून शरीर तापवणे मला अधिक योग्य वाटते.

मीठ-पाण्याचे महत्त्व मात्र आपल्या शहरात बॅचच्या वेळेवर ठरते. सकाळी पोहणारा रात्रभराच्या विश्रांतीनंतर येतो. त्याला एक-दोन पेले पाणी पुरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दिवसभर उन्हात फिरून संध्याकाळी तलावावर येणाऱ्याचे सोडियम आधीच घामात गेलेले असते, आणि पाण्यातही घाम येतच राहतो, फक्त तो जाणवत नाही. अशा व्यक्तीने दुपारपासूनच मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घातलेले पाणी थोडे थोडे घ्यावे. चमचा चहाचा असावा. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. केळे व नारळपाणी यांचा भर पोटॅशियमवर आहे, तर घामात प्रामुख्याने सोडियम जाते; खाण्यास ते उत्तमच, पण मिठाची जागा घेत नाहीत.

औषधांच्या गोळ्यांना मी शेवटचे स्थान देतो. वयस्कांच्या पायातील गोळ्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमी, असा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. क्विनीन हे मलेरियावरचे औषध तर स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये, कारण त्याने रक्तातील प्लेटलेट्स धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.

पाण्यात गोळा आलाच तर पाय मारणे थांबवून पाठीवर तरंगावे, गुडघा सरळ ठेवून चवडा नडगीकडे ओढावा आणि लेनच्या दोरीचा आधार घ्यावा. असा आधार शहरातील अंबाझरी किंवा फुटाळा या मोकळ्या तलावांत मिळत नाही, म्हणून वारंवार गोळे येणाऱ्याने तेथे पोहण्याचा विचारही करू नये. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल किंवा गरम झाली तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा चोळत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लघवी वाढवणारी किंवा कोलेस्टेरॉलची औषधे सुरू झाल्यावर गोळे वाढले असतील तर तेही त्यांना सांगावे.