चेहरे वाचायची कार्यशाळा, रामदासपेठ: पैसे वसूल, पण फोटो बदला

मी ऑपरेशन थिएटरात (ओटीत) स्टाफ नर्स आहे, दिवसभर तोंडावर मास्क न् डोक्यावर टोपी, पेशंटला आमचे फक्त डोळे दिसतात. म्हणून नागपूरच्या रामदासपेठेत एक काउन्सेलर मॅडम घेतात ती चेहऱ्यावरून भावना ओळखायची एक दिवसाची कार्यशाळा केली आणि खरंच कामाची निघाली.

सकाळचं सेशन सगळ्यात भारी. स्क्रीनवर चेहरा आधी मास्क लावलेला दाखवतात, आपण भावना लिहायची, मग तोच चेहरा उघडा. किळस आलेला माणूस आमच्यातल्या बऱ्याच जणांनी रागावलेला लिहिला, न् हसणारी मुलगी चक्क नॉर्मल! जर्मनीत बाम्बर्ग विद्यापीठातल्या कार्बन नावाच्या संशोधकानं २०२० मध्ये ४१ लोकांना असेच फोटो दाखवले तेव्हाही हेच झालं होतं म्हणे, भीती मात्र मास्क असूनही ओळखू आली, कारण ती डोळ्यांत उतरते आणि किळस नाकातोंडाशी राहते. मनापासून हसलं तर डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो हेही नीट करून दाखवलं. आता मला कळलं की आम्ही मास्कच्या आत नुसते ओठ हलवून हसतो ते पेशंटपर्यंत पोचतच नाही, वरून टोपीनं भुवयाही झाकलेल्या.

दुपारी जोड्या करून सराव. मॅडमचा एकच आग्रह, अंदाज बांधून गप्प बसू नका, विचारा, इमोशनल इंटेलिजन्स, म्हणजे आपल्या न् समोरच्याच्या भावना ओळखून वागणं, तिथून सुरू होते. परवा ऑपरेशनच्या आधी एक काकू एकदम शांत पडून होत्या पण बोटांनी चादर चुरगाळून राहिल्या होत्या, मी वाकून विचारलं, "काकू, भीती वाटून राहिली का?" तर हात धरून म्हणाल्या, "हो ना बाई, भूल उतरलीच नाही तर?" भूलतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी शांतपणे समजावलं, मग काकूंची मूठ सुटली. पहिले मी बीपी घेऊन निघून गेली असती.

आता तक्रार. फोटो सगळे गोऱ्या तरुण लोकांचे, अरे आपल्याकडे एप्रिल-मेत अर्धं नागपूर स्कार्फ न् गॉगल लावून फिरते, ओपीडीत म्हातारी माणसं येतात, त्यांचे चेहरे दाखवा ना. आवाजावरून ओळखायचा भाग तर घाईघाईत उरकला, आमच्यासाठी तोच जास्त महत्त्वाचा होता.

नर्सेस, रिसेप्शनवाले, डेंटिस्टकडचे असिस्टंट, सगळ्यांनी करा. फी थोडी जास्त आहे पण हॉस्पिटलचा ग्रुप असला तर कमी करतात, आधी फोन करून विचारा.